हॉलमधलं बोलणं आणि न जुळणारे आकडे: नाशिकच्या ऑफिस-मालकांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहरात आणि सातपूर-अंबड-सिन्नर पट्ट्यात ऑफिस चालवणारे मालक, भागीदार, व्यवस्थापक, आणि त्या ऑफिसांचे आराखडे काढून देणारे इंटिरिअर डिझायनर,

स.न.वि.वि.

हे पत्र रस्त्यावरच्या आवाजाबद्दल नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठीची खोदकामं, द्वारका चौकातले हॉर्न, गणपतीच्या आधीचा ढोल-ताशांचा सराव, यांची तक्रार कुठे करायची हे नाशिककरांना माहीत आहे, आणि करून काय होतं हेही माहीत आहे. मी लिहितेय ते ऑफिसच्या आतल्या आवाजाबद्दल. त्याची तक्रार कुठेच करता येत नाही, कारण बोलणारी सगळी आपलीच माणसं असतात.

मी हिशेबाचं काम करते. सध्या गंगापूर रोडवर एका करसल्लागाराच्या ऑफिसात बसते, त्याआधी आणखी दोन-तीन ठिकाणी बसले. कुठल्या एका ऑफिसवरचा राग काढायला हे लिहीत नाही, कारण मांडणी आता सगळीकडे सारखीच झाली आहे. मोठा हॉल, लांबलचक टेबलं, पाठीला पाठ लावून स्क्रीन, खाली गुळगुळीत टाइल्स, एका टोकाला काचेची केबिन आणि दुसऱ्या टोकाला आलेल्या पार्टीसाठी सोफा. अशा हॉलमध्ये कुणी 'जरा आवाज होतोय' म्हटलं की उत्तरही सगळीकडे एकच मिळतं, "तू लक्ष देऊ नकोस, तुझं काम कर."

लक्ष न देणं हे माणसाच्या हातात नसतं, एवढंच मला या पत्रात सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याच्या पुष्ट्यर्थ.

आमच्या धंद्यात महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर टू-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून मिळणाऱ्या क्रेडिटची यादी, तयार होतं आणि २० तारखेपर्यंत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायचं असतं. मधले दिवस जुळवणीचे. एका खिडकीत टू-बी, शेजारच्या खिडकीत पार्टीचं खरेदी रजिस्टर. फॉर्म्युले लावून बरंचसं जुळतं, उरलेलं डोळ्यांनी जुळवावं लागतं. कुणी बिल नंबरात तिरपी रेघ टाकलेली असते, कुणी आडवी. कुणी पुढची शून्यं गाळलेली असतात. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा: पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे आपल्याकडे २७, मग १० अक्षरांचा पॅन, मग उरलेली तीन. डावीकडे आकडा वाचायचा, मनातल्या मनात म्हणत नजर उजवीकडे न्यायची आणि तिथं तो शोधायचा. दोन-तीन सेकंदांचा मामला. पण तेवढ्या वेळात तो आकडा डोळ्यांसमोर नसतो, फक्त मनातल्या म्हणण्यात असतो. आणि तेवढ्यातच शेजारच्या टेबलावरून सुरू होतं, "हां काका, बोला... नाही हो, आज नाही जमायचं... अहो पण ती बिलं तुमच्या चिरंजीवांनीच पाठवली नाहीत ना अजून!" निघताना ८७१० होते, पोचताना ८१७० झाले.

हिशेबाला बसणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीलाच एक युक्ती शिकवतात. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींचा तक्ता, जुळेना तर फरकाला नऊने भाग लावून बघ. निःशेष भाग गेला तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची दाट शक्यता. ८७१० आणि ८१७० यांतला फरक ५४०, नवसाठे ५४०. कागदी खतावण्यांच्या काळापासूनची ही युक्ती आजही रोज लागते, कारण चुकीची जातच ती आहे. आकडे तेच राहतात, त्यांचा क्रम फिरतो. आणि आसपासचं बोलणं नेमकं क्रमावरच उठतं, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

१९७६ साली कोल आणि वेल्श या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अक्षरांच्या ओळी दाखवून त्या क्रमाने आठवायला सांगितल्या. मागे जर्मन भाषेतला उतारा वाचला जात होता, त्याकडे लक्ष देऊ नका असं बजावलं होतं, आणि ऐकणाऱ्यांना जर्मन येतही नव्हतं. तरी चुका वाढल्या. १९८२ मध्ये सालामे आणि बॅडली यांनी आकडे घेऊन असंच पाहिलं. मागचे शब्द अर्थाचे असोत की निरर्थक, आकड्यांचा क्रम जवळपास सारखाच बिघडला. नुसत्या खरखरीनं तेवढा बिघडला नाही. आपल्याला वाटतं की शेजारी कुणी मोबाइल नंबर सांगत असला तरच आपले आकडे चुकायचे. तसं नाही. शेजारी लग्नाच्या जेवणाचा बेत सांगत असला तरी तेच होतं.

पुढे १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या जोन्स आणि मॅकन यांनी बोलणं बाजूला ठेवून नुसते सूर वाजवून पाहिले. एकच सूर पुन्हा पुन्हा वाजला तर विशेष त्रास नाही. सूर बदलत राहिला तर त्रास. यातून त्यांनी काढलेला अर्थ मला पटतो. कान आपल्याला न विचारता बदलत्या आवाजांची ओळ लावत बसतो, हा तुकडा आधी, हा नंतर. त्याच वेळी मन आकड्यांची ओळ लावत असतं. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या एकाच पायरीवर दोन बाजूंनी दोन रांगा उतरल्या, तर कोण कुणाच्या मागे होतं हे जसं कुणालाच सांगता येणार नाही, तसं ते होतं. यात बेशिस्तीचा किंवा नाजूकपणाचा काही संबंध नाही.

आता डेसिबलकडे येते, कारण मालकवर्गाचा सगळा भरवसा तिथं आहे. एका ऑफिसात मी तक्रार केल्यावर सरांनी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं, हॉलच्या मधोमध हात उंचावून उभे राहिले आणि म्हणाले, "अठ्ठावन्न. बाहेर रस्त्यावर यापेक्षा जास्त आहे. कायद्यात बसतंय." विषय संपला. आता तो कायदा काय ते बघा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागाला दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे, निवासी भागाला ५५, औद्योगिक भागाला ७५. पण ही मर्यादा परिसराच्या आवाजाची आहे. हॉलमध्ये बसून कुणी ताळेबंद तपासू शकेल का, या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. शिवाय साध्या बोलण्याच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ४० पासून ७५ डेसिबलपर्यंत, आवाज लहान-मोठा केल्याने क्रमाच्या चुकांत फारसा फरक पडत नाही, असंही संशोधकांनी दाखवलं आहे. शेजारी कुणी हळू आवाजात बोलला तरी काम तेवढंच बिघडतं. त्यामुळे "जरा हळू बोला रे" हा आपल्या ऑफिसांतला एकमेव उपाय आमच्या कामापुरता तरी कुचकामी आहे. सरांचं ॲप खोटं बोलत नव्हतं, ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं.

याहून चमत्कारिक एक गोष्ट आहे. बोलणारे खूप झाले की त्रास कमी होतो. अनेक आवाज एकात एक मिसळून त्यांचा नुसता गलका होतो, त्यातले चढउतार पुसले जातात आणि कानाला ओळ लावायला काही उरत नाही. सोमवारी भरलेल्या हॉलपेक्षा शनिवारी अर्ध्या हॉलमध्ये जास्त चुका कशा होतात, हे कोडं मला यातून सुटलं. शनिवारी दोघंच बोलत असतात आणि त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

तेव्हा मोजायचं असेल तर किती ऐकू येतं यापेक्षा किती समजतं ते मोजा. याचं माप आहे. बोलणं कितपत स्पष्ट पोचतं ते शून्य ते एक अशा आकड्यात मांडतात. फिनलंडच्या होंगिस्तो यांनी २००५ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून एक आलेख मांडला. ही स्पष्टता साधारण ०.२ च्या वर गेली की काम घसरायला लागतं, ०.६ पर्यंत पूर्ण घसरतं, आणि घसरण सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक कामाला हा आकडा जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण पगारपत्रक तुमच्याकडे आहे, ७ टक्के काढून बघायला हरकत नाही.

आमचं जुनं ऑफिस रविवार कारंज्याच्या आतल्या गल्लीत एका वाड्याच्या माडीवर होतं. जागा अपुरी, लाइट कधी जायचे याचा नेम नाही, जिना असा की अशिलांनी खालूनच हाका माराव्यात. त्या जागेचं मी कौतुक करणार नाही. पण तिथं काम एकाग्रतेनं व्हायचं, आणि त्याचं श्रेय आम्ही उगाच जुन्या माणसांच्या शिस्तीला देत आलो. खरं कारण भिंतींना लागलेलं होतं. छतापर्यंत फायलींची कपाटं, लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, जमिनीवर सतरंजी, डोक्यावर लाकडी तख्तपोशी, आणि घरघर करणारे दोन पंखे. कागद आणि कापड आवाज पितात. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी १८९० च्या दशकात हेच मोजलं. एका व्याख्यानगृहात काही ऐकू येत नव्हतं, तर त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या आणि गादीगणिक आवाज किती लवकर विरतो ते टिपलं. आमच्याकडे त्या गाद्यांचं काम फायली करत होत्या, आणि पंख्यांची घरघर उरलेलं बोलणं झाकत होती.

मग सगळं क्लाउडवर गेलं. फायली गोदामात गेल्या, ऑफिस काचेच्या इमारतीत आलं, पंख्यांच्या जागी आवाज न करणारे एसी आले. टाइल्स, काच, पीओपी, लॅमिनेट: आवाज परत फेकणारं जे जे मिळालं ते आपण निवडून निवडून बसवलं. हॉल आता खरंच शांत आहे, म्हणूनच तिकडच्या टोकाचं कुजबुजणं इकडे कळतं. डिझायनर मंडळींनो, हा भाग तुमच्यासाठी आहे. थ्री-डी चित्रात हॉल छान दिसतो. त्या चित्राला आवाज नसतो.

फोनवरचं बोलणं हा वेगळाच जाच. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर एक वेळ चालतं, पण एकच बाजू ऐकू आली की मन नकळत दुसरी बाजू भरत बसतं. २०१० मध्ये लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. संपूर्ण संभाषण ऐकणाऱ्यांपेक्षा अर्धं संभाषण ऐकणाऱ्यांचं लक्ष जास्त विचलित झालं. "हो... हो... काय सांगता!... मग?" यानंतर ज्याची मान वर होत नाही त्याला माझा दंडवत. ब्रिटनमध्ये बॅनबरी आणि बेरी यांनी २००५ मध्ये ऑफिसातल्या लोकांना विचारलं, तेव्हा ९९ टक्के लोकांनी आवाजानं एकाग्रता मोडते असं सांगितलं. सगळ्यात जास्त त्रासाच्या म्हणून दोन गोष्टी पुढे आल्या, मागे चाललेली बोलणी आणि रिकाम्या टेबलावर वाजत राहिलेला फोन. आपल्याकडे त्या रिकाम्या टेबलावरच्या फोनला वर भजनाची नाहीतर सिनेमाच्या गाण्याची रिंगटोन असते.

"सवय होते हो." हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं आहे. होते, असं आपल्याला वाटतं. कॉर्नेल विद्यापीठात इव्हान्स आणि जॉन्सन यांनी २००० मध्ये ऑफिसात कारकुनी करणाऱ्या ४० बायकांवर प्रयोग केला. निम्म्यांना तीन तास मोकळ्या ऑफिसात असतो तसा हलका आवाज, निम्म्यांना शांतता. आवाजात बसलेल्या बायका म्हणाल्या नाहीत की आम्हाला जास्त ताण आला. पण त्यांच्या शरीरातलं ॲड्रिनलिन वाढलेलं निघालं, नंतर दिलेली न सुटणारी कोडी त्यांनी लवकर सोडून दिली, आणि बसण्याची ढब बदलून सैल होणंही त्यांनी कमी केलं. संध्याकाळी सहाला सीबीएस स्टँडवर सिटीलिंक बसची वाट बघताना "आज काही केलं नाही तरी इतकं का दमले" असं ज्या म्हणतात, त्यांना हा प्रयोग वाचून दाखवावासा वाटतो.

"मग हेडफोन लावा." लावून पाहिले. शब्द असलेलं गाणं हे कानाच्या दृष्टीनं बोलणंच, त्यानं आकड्यांचं काही भलं होत नाही. शिवाय आपल्या ऑफिसांत कनिष्ठानं कानात काही घातलं की तो उद्धट ठरतो, आणि सरांनी हाक मारली ती ऐकू आली नाही तर त्या दिवसाचं विचारूच नका.

"आमची मुलं कॉलेज रोडवरच्या कॅफेत बसून अभ्यास करतात." करतात, आणि त्यातही तथ्य आहे. २०१२ मध्ये मेहता, झू आणि चीमा यांना असं आढळलं की नव्या कल्पना सुचण्याच्या कामात ७० डेसिबलचा कॅफेसारखा गलबला ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा बरा पडतो, आणि ८५ वर गेलं की पुन्हा बिघडतं. जाहिरातीच्या ओळी सुचवणाऱ्यांना त्याचा जरूर लाभ मिळो. टू-बीच्या जुळवणीत नवीन कल्पना सुचणं हा गुन्हा आहे.

आणि तीच मुलं स्पर्धा परीक्षेला बसली की काय करतात ते पाहा. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. वाचायला शांतता लागते हे नाशिकला कुणी नव्यानं सांगायला नको. आज गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, पोरं दरमहा पैसे भरून एक खुर्ची, एक दिवा आणि न बोलणारे शेजारी विकत घेतात. तिथं फोन आला की उठून जिन्यात जातात, कुणी सांगावं लागत नाही. पुढं त्यातलाच एखादा आपल्याकडे नोकरीला लागतो, आणि पहिल्या दिवशी त्याला आपण सोफ्याशेजारचं टेबल देतो.

अंबडकडच्या मंडळींना वाटेल की हे गंगापूर रोडचे लाड आहेत. माझे थोरले दीर एका कारखान्यात क्वालिटीला आहेत, त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, कॉम्प्रेसरच्या घरघरीत मी ड्रॉइंगवरचे टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, तपासतो, काही वाटत नाही. पार्टिशनपलीकडे डिस्पॅचवाला ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडायला लागला की मायक्रोमीटरचं रीडिंग दोनदा घ्यावं लागतं. एकसुरी आवाज आणि बदलता आवाज यांतला फरक, कार्डिफला न जाता. याचा अर्थ कारखान्यातला मोठा आवाज निरुपद्रवी असा नाही. तिथं ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे ती कान वाचवायला, आणि ती पाळलीच पाहिजे. पण कानाला इजा होत नाही म्हणून कामालाही होत नाही, असं समजू नका. प्रेसच्या आवाजाचा नियम क्वालिटीच्या टेबलाला लावून उपयोग नाही.

मोकळ्या हॉलच्या बाजूनं एक युक्तिवाद उरतो, की भिंती काढल्या की माणसं एकमेकांशी बोलतात, प्रश्न तिथल्या तिथं सुटतात. २०१८ मध्ये हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत भिंती पाडण्याच्या आधी आणि नंतर मोजमाप केलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल-मेसेज वाढले. आमच्या हॉलमध्ये शेजारी बसलेली मुलगी मला व्हॉट्सॲपवर विचारते, "ताई, हे क्रेडिट या महिन्यात घेऊ का?" कारण मोठ्यानं विचारलं तर सगळ्या हॉलला कळतं की तिला ते येत नाही. बरं, मोकळ्या हॉलचं खरं कारण चौरस फुटाचा भाव हे आहे. ते मान्य करा, मला त्याचं काही वाईट वाटणार नाही. भाव मलाही कळतो. फक्त त्याला संवाद म्हणू नका.

काय करावं, याबद्दल माझ्या मागण्या लहान आहेत. सगळ्यात आधी फोन. हॉलच्या एका कोपऱ्यात दार लागणारी, आतून कापडी पॅनल लावलेली दोन माणसांची खोली काढा, आणि दोन मिनिटांपेक्षा लांबणारा प्रत्येक फोन तिथं. स्पीकरफोन हॉलमध्ये बंदच. आणि जागेवर नसलेल्या माणसाचा फोन त्याच्याबरोबर गेला पाहिजे. सोफा कामाच्या टेबलांपासून जितका लांब नेता येईल तितका न्या. आलेली पार्टी दहा मिनिटं बसते पण बोलते पूर्ण दहा मिनिटं, आणि त्यात दर वेळी कुणाच्या तरी मुलीचं लग्न असतं.

छताकडे बघा. पीओपीच्या जागी आवाज शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या टाइल्स बसवता येतात, त्या बाजारात सर्रास मिळतात. टेबलांमधल्या आडपडद्याची उंची बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर असली तरच तो उपयोगाचा, कोपराएवढा असेल तर तो नुसती टाचणी टोचायला. आणि एक घोटाळा टाळा: भिंतीला स्पंज चिकटवला म्हणजे पलीकडचं बोलणं थांबतं असं नाही. स्पंज खोलीतला प्रतिध्वनी कमी करतो. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. काचेची पार्टिशन छताच्या हातभर खाली संपत असेल तर ती बोलणं अडवत नाही, फक्त बोलणाऱ्याला असं वाटायला लावते की आपलं कुणाला ऐकू जात नाही. त्यामुळे कुणाचा पगार किती वाढला हे आम्हाला पगाराच्या आधी कळतं.

डिझायनरला एक प्रश्न विचारा: बोलणाऱ्यापासून किती मीटरवर त्याचं बोलणं समजेनासं होईल? मोकळ्या ऑफिसांसाठी आयएसओचं मानक आहे, ३३८२ चा तिसरा भाग, २०१२ मध्ये आला आणि २०२२ मध्ये सुधारला. त्यात हे अंतर मोजायची रीत दिली आहे. स्पष्टता ०.५ च्या खाली जिथं जाते तिथवरचं अंतर. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही, २०१६ च्या आवृत्तीत, आठव्या भागात आवाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. टाइल्सचा शेड ठरवायला तुम्ही तीन बैठका घेता, त्यातली अर्धी या प्रश्नाला द्या.

ज्यांना हॉल पुन्हा फोडणं परवडणार नाही, त्यांनी वेळ वाटून घ्यावी. १४ ते २० या तारखांत सकाळी दहा ते साडेबारा हॉलमध्ये फोन नाही, हाका नाहीत, पार्ट्यांना भेटीची वेळ दुपारनंतरची. सगळ्यांनाच हे लागणार नाही. स्कॅनिंग, बाइंडिंग, पोच घेणं ही कामं गप्पा मारत उत्तम होतात आणि व्हावीत. ती माणसं एका बाजूला, आकडे जुळवणारी आणि नोटिशीला उत्तर लिहिणारी दुसऱ्या बाजूला. उत्तर लिहिणाऱ्याची अडचण आमच्याहून वेगळी आहे. त्याच्या डोक्यात वाक्य जुळत असताना शेजारचं समजणारं वाक्य त्यात घुसतं, म्हणून परक्या भाषेतल्या बडबडीपेक्षा मराठी गप्पा त्याला जास्त नडतात.

आणि आता थोडं अवघड. हॉलमधला सगळ्यात स्पष्ट आवाज बहुतेक ऑफिसांत केबिनमधून येतो. दार उघडं असतं, कारण सर आपले दिलखुलास आहेत. हॉलमध्ये गलका वाढला की सरांचाही आवाज नकळत चढतो. एतिएन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये नोंदवलेली ही खोड आहे, माणूस गोंगाटात आपोआप मोठ्यानं बोलतो. मग सरांवर मात करायला हॉल चढतो. याला कुणी एक जबाबदार नाही, पण सुरुवात कुणी थांबवायची हे पदावरून ठरतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. कागदावर नऊ-नऊ आकड्यांच्या वीस ओळी कुणाकडून तरी लिहून घ्या. एक ओळ एकदाच वाचा, कागद उलटा करा, मनात दहापर्यंत मोजून तीच ओळ क्रमानं लिहा. दहा ओळी सकाळी कुणी यायच्या आधी, दहा ओळी दुपारी बारा वाजता हॉलच्या मधोमध माझ्यासारख्या कुणाच्या तरी खुर्चीत बसून. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून चुका मोजा. महिन्याच्या कुठल्याही दिवशी करा, फक्त १९ आणि २० तारीख सोडून. त्या दोन दिवशी खुर्ची रिकामी मिळणार नाही.

कळावे,
आपली,
हिशेबाच्या टेबलावरची एक,
गंगापूर रोड, नाशिक